‘त्यांनी’ म्हणजे कितीजण

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि तो भांडत-भांडत का होईना, पण सगळं ऐकून घेणारा माणूस होता. तो गेला, आता तुम्हाला सांगते आहे. तुमची-माझी ओळख नाही हे एका परीने बरंच आहे — ओळखीच्या माणसासमोर मी पुन्हा काहीतरी नीटनेटकं करून सांगितलं असतं. ती सवय मला चांगलीच आहे.

आधी मी कोण ते सांगायला हवं. मी पुण्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे. मराठी म्हणजे कथा-कविता नव्हे. तो मान इतरांचा. माझ्याकडे व्याकरण आणि बोली — म्हणजे वेळापत्रकात उरलेल्या तासांना जे बसवतात ते. आमचे एक सहकारी चहाच्या वेळी हटकून विचारायचे, काय बाई, आज कुठला प्रत्यय पकडलात? सगळे हसायचे. मीही हसायचे. पण मला राग यायचा, आणि राग मी फेकून देत नाही, जपून ठेवते. घरचे त्याला खुनशीपणा म्हणायचे. असेल.

तर अशा मला एके दिवशी सरकारी वकील भेटायला आले. प्राचार्यांच्या खोलीत, बशीत बिस्किटं वगैरे मांडून. एका खुनाच्या खटल्यात त्यांना भाषेचा जाणकार साक्षीला हवा होता. प्रश्न एका शब्दाचा होता. एका शब्दासाठी कोर्ट माझ्याकडे आलं — मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. त्या दिवशी चहाच्या वेळी मी मुद्दाम स्टाफरूममध्ये बसून राहिले, कुणी काही विचारतंय का ते बघत.

खटला धायरीचा होता. आज धायरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे इमारती येतील. तेव्हा ते गाव होतं, आणि सिंहगड रस्त्याकडच्या जमिनींना नुकताच भाव यायला लागला होता. विष्णू नावाचा एक शेतकरी आणि त्याचा थोरला चुलतभाऊ, ज्याला सगळं गाव अण्णा म्हणायचं, यांच्यात बांधावरून भांडण झालं. अण्णाबरोबर त्याचा मुलगा सदा होता. सदा विशी-बाविशीचा, नुकतं लग्न झालेला. विष्णूच्या डोक्यात पहार बसली. हॉस्पिटलमध्ये तो काही तास शुद्धीवर होता. तेवढ्यात त्याचा जबाब घेतला गेला, आणि मग तो गेला.

जबाबातलं महत्त्वाचं वाक्य अगदी छोटं होतं. ‘अण्णा व सदा आले. त्यांनी मला मारले.’

बस्स, एवढंच. तुम्ही मराठी आहात, तुम्हाला व्याकरण समजवायची गरज नाही. ‘त्यांनी’ म्हणजे दोघांनी — किंवा ‘त्यांनी’ म्हणजे एकाच माणसाने, ज्याला आपण मान देतो. सदा विष्णूचा पुतण्या, पोरसवदा. त्याच्या एकट्याबद्दल विष्णू ‘त्याने’ म्हणाला असता. म्हणजे अण्णा तर सुटत नव्हताच. प्रश्न सदाचा होता. विष्णू थोरल्या भावाला मान देऊन बोलत असेल, तर मारणारा एकटा अण्णाही असू शकत होता. आणि सदाचं म्हणणं होतं की तो बापाला आवरायला मध्ये पडला होता. विष्णू अण्णाला एकेरीत बोलत असेल, तर ‘त्यांनी’ म्हणजे दोघे, आणि सदाही खुनी. घटना पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. एका पोराचं आख्खं आयुष्य एका अनुस्वारावर येऊन थांबलं होतं. हे वाक्य मी पुढे वर्गात फार वेळा वापरलं. मुलांना आवडायचं.

मी वकिलांना लेखी मत दिलं. मत असं — शहरात, विशेषतः पांढरपेशा घरांत, वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करतात. पुण्याभोवतालच्या खेड्यांत घरातल्या रक्ताच्या माणसांना एकेरीतच बोलतात. बाप आला, आजा गेला, अण्णा म्हणाला. सबब ‘त्यांनी’ हे खरं अनेकवचन. हे मी कशावरून लिहिलं? एक जुना लेख वाचला होता, तोही दुसऱ्याच जिल्ह्याबद्दलचा. आणि दुसरं — खरं कारण हे दुसरंच — आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई स्वतःच्या बापाला एकेरीत बोलायची. तेवढ्यावर मी खेड्यांचा निकाल लावून टाकला. मान राखणं हे आमचं काम, त्यांना काय त्याचं, असं मला मनातून वाटत होतं. पुण्यात जन्मलेल्या माणसाला असं वाटायला अभ्यास करावा लागत नाही.

पण हा माझा गुन्हा नव्हे. चुकीचं मत देणं हा अडाणीपणा झाला, आणि अडाणीपणाबद्दल कुणी इतकी वर्षं गप्प बसत नाही. पुढचं सांगते.

साक्षीच्या दिवशी मी शिवाजीनगरच्या कोर्टात वेळेच्या आधी पोचले. नवी इस्त्रीची साडी, हातात दोन जाड पुस्तकं, ज्यांची गरज नव्हती. व्हरांड्यात बाकावर बसले. शेजारी एक बाई येऊन बसली, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. तिची साक्ष आधीच होऊन गेली होती. बांधाचा वाद मुळात कसा सुरू झाला तेवढंच तिला विचारलं होतं. विष्णूची बायको होती ती. शकुंतला. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं मीही कुणाच्या तरी दुःखाने आलेली असेन, कोर्टात दुसरं कोण येतं?

तिने बोलायला सुरुवात केली आणि मी ऐकत राहिले, कान देऊन नव्हे, वेळ जात नव्हता म्हणून. दोन घरं एका अंगणातली. अण्णानेच विष्णूला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली, शाळेत घातलेलं. मग जमिनीला भाव आला आणि सगळं नासलं. ती रडत नव्हती. रडून झालं असावं. मग ती जरा ताठ बसली आणि नवऱ्याच्या कौतुकाने म्हणाली —

“पण आमच्या ह्यांनी जन्मात कधी अण्णांना अरे-तुरे केलं न्हाई. भांडताना बी ‘अण्णा, तुमी आमच्या बांदावर यायचं न्हाई,’ असंच. मरताना दवाखान्यात बी ‘अण्णांनी’च म्हणत व्हते. मी म्हणलं, आता तरी सोडा की त्यांचा मान.”

तुम्हाला कळलं ना? मला त्या क्षणी कळलं. अगदी लख्ख. इतकी वर्षं जे शिकवत होते ते कुणी समोर बसून सांगत होतं, आणि मला कळणार नाही? तरी माझ्या मनाने पळवाट शोधलीच — म्हटलं, ही सून आहे, सुना दिराला मानानेच बोलणार, हिच्या बोलण्यावरून त्याचं बोलणं ठरत नाही. पण ती स्वतःचं सांगतच नव्हती. ती नवऱ्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत सांगत होती. भाषेच्या अभ्यासात याहून चांगला पुरावा मिळत नाही. लोक त्यासाठी वर्षवर्ष हिंडतात. मला तो बाकावर बसल्या जागी मिळाला होता.

हे तिने कोर्टात का नाही सांगितलं? कुणी विचारलं नव्हतं. आणि आपण काय सांगतो आहोत याची तिला कल्पना नव्हती. तिच्या दृष्टीने ती नवऱ्याच्या चांगुलपणाबद्दल बोलत होती.

मला हाक आली. आत जाईपर्यंतच्या त्या चार पावलांत मी काय ठरवलं? काहीच नाही — निदान माझी आठवण अशी आहे. सरकारी वकिलांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पुढची तारीख मागता आली असती. मी शपथ घेतली आणि आपलं मत म्हणून दाखवलं, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता. मला आठवतं, माझा आवाज छान लागला होता.

मग आरोपीचे वकील उठले. वयस्कर, काळा कोट विटलेला, नारायण पेठेत राहणारे असावेत असं बोलणं. त्यांनी माझी पुस्तकं बघितली. पदव्या विचारल्या, वा वा म्हणाले. मग अगदी सहज विचारलं, बाई, धायरीला जायला कुठली बस पकडायची हो?

मला माहीत नव्हतं. मी धायरीला कधी गेलेच नव्हते.

कोर्टात हशा पिकला. जोरात नाही, दबका, पण पिकला. मागच्या बाकावर माझ्या कॉलेजातले दोघंजण मुद्दाम बघायला आले होते. तेही हसले. आणि मला चहाच्या वेळचं ते हसणं ऐकू आलं, तेच, तसंच. मी म्हणाले, मी रिक्षाने गेले होते.

बघा, किती क्षुल्लक खोटं. रिक्षाने! शपथेवर. वकील म्हणाले, अरे वा, विद्येसाठी एवढा खर्च. पुन्हा हसू. आता मी पेटले होते. समोर माणसाचा जीव आहे, एक पोरगा पिंजऱ्यात उभा आहे, हे मला दिसत होतं — दिसत नव्हतं असं म्हणणार नाही, तो माझ्याकडेच बघत होता, तोंड जरा उघडं टाकून, शिकवताना न समजणारी मुलं बघतात तसा. पण मला त्या म्हाताऱ्या वकिलाला हरवायचं होतं. बाकी काही नाही.

आणि त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. मग त्या भागात कुणी घरच्या थोरल्याला मानाने बोलल्याचं तुम्ही कधी ऐकलंत का?

“नाही,” मी म्हणाले.

मी बाकावरून उठून आल्याला अर्धा तासही झाला नसेल.

त्या ‘नाही’ला मी पुढे फार नावं दिली. घाबरले होते, गोंधळले होते, प्रश्न नीट ऐकू आला नाही, ‘त्या भागात’ म्हणजे गावात जाऊन असा अर्थ मी घेतला. हा शेवटचा बचाव मला बराच काळ पटला होता. बाई धायरीची होती, पण बाक शिवाजीनगरचा होता — मी व्याकरणाची माणूस, असले बारकावे मला सुचतात. पण खरं सांगू? मी घाबरले नव्हते. गोंधळले तर मुळीच नव्हते. मला प्रश्न स्पष्ट ऐकू आला, उत्तर माहीत होतं, आणि मी उलटं उत्तर दिलं. कारण ‘हो’ म्हटलं असतं तर सगळे पुन्हा हसले असते.

बाहेर आले तेव्हा शकुंतला तिथेच होती. मला बघून तिने पदर सावरला आणि जरा हसली. झालं का तुमचं काम, म्हणाली. मी हो म्हटलं.

दोघांना जन्मठेप झाली. निकालपत्रात माझ्या साक्षीचा उल्लेख होता, ‘विदुषी’ असा शब्द होता. ती ओळ मला प्राचार्यांनी वाचून दाखवली. पुढे वरच्या कोर्टातही ते टिकलं. अण्णा येरवड्यातच वारला. सदा मात्र राहिला.

आणि माझं काय झालं? माझं चांगलं झालं, हेच तर सांगायचं आहे. चहाच्या वेळची थट्टा बंद झाली. त्या सहकाऱ्यांनीच स्नेहसंमेलनात माझी ओळख करून देताना खटल्याचा किस्सा सांगितला. व्याख्यानांची बोलावणी आली. मी दर वर्षी नव्या वर्गाला ‘त्याने’ आणि ‘त्यांनी’ फळ्यावर लिहून दाखवायचे, अनुस्वाराभोवती खडूने गोल काढायचे आणि म्हणायचे, भाषाशास्त्र कशाला शिकायचं विचारता? यासाठी. मुलं टाळ्या वाजवायची. सदा तेव्हा तुरुंगात होता. रोज होता, मी गोल काढत होते त्या त्या दिवशी होता. हे मला माहीत असूनही तो गोल दर वर्षी अगदी नीट यायचा. लोकांना वाटतं, मन खातं. खातं, पण पोट भरल्यासारखं मधूनमधून थांबतंही. मी जेवत होते, झोपत होते, दिवाळीत चकल्या करत होते.

मध्ये एकदा वाटलं होतं की आरोपीच्या त्या वकिलांना पत्र लिहावं. शोध घेतला तर ते वारले होते. मला सुटल्यासारखं वाटलं. इतर कुणाला सांगता आलं असतं का? आलं असतं. वरचं कोर्ट होतं, सरकार होतं, निदान सदाच्या घरचे होते. मी कुणाकडे गेले नाही. त्यानेही मारलं असेल कदाचित, असं मी स्वतःला समजवायचे. असेलही. मला आजही ठाऊक नाही. पण ते ठरवणं माझं काम नव्हतं. माझं काम एका प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं होतं.

निवृत्त झाल्यावर मुलाने फ्लॅट घेतला, तोही धायरीत. काय म्हणावं याला? मी खूप खोडा घातला. लांब पडतं, पाण्याचे हाल, दवाखाना जवळ नाही. मुलगा म्हणाला, आई, तुला पेठेबाहेरचं सगळंच लांब पडतं. खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून आले. इथे येऊन आता बरीच वर्षं झाली. जिन्यात, दुकानात, रिक्षाच्या रांगेत मी गावच्या जुन्या लोकांचं बोलणं ऐकते. अण्णांनी, दादांनी, मामांनी. थोरल्याला एकेरीत बोलणारेही आहेत, मानाने बोलणारेही. घरागणिक वेगळं आहे. एका दुपारच्या फेरीत कळलं असतं. बसने आले असते तरी.

गेल्या वर्षी आमच्याकडे पोळ्या करायला मंदा यायला लागली. सोसायटीतल्या शेजारणीने पाठवली, हात चांगला आहे म्हणून. मंदा पन्नाशी ओलांडलेली, कामात चटपटीत, बोलण्यात मोकळी. मी ओट्याशी भाजी निवडत बसायचे आणि ती लाटता-लाटता घरचं सांगायची. मुलगी लग्न होऊन भोरला दिलेली. जमीन केव्हाच गेली, वकिलांच्या पायी. नवरा घरीच असतो, फारसा बोलत नाही, रात्री खोलीचं दार लावलेलं त्याला चालत नाही. एकदा तिने कारण सांगितलं. नवरा बरीच वर्षं येरवड्याला होता. सासऱ्यांच्या पायी. चुलतसासऱ्यांना मारलं म्हणून दोघांना धरलं. ह्यो तर सोडवायला गेला व्हता, ती म्हणाली. लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. मुलगी पोटात होती. सुटून आला तेव्हा मुलगी त्याला ‘अहो बाबा’ म्हणाली, पाहुण्याला म्हणावं तसं, कारण तिला दुसरं काय म्हणायचं ते माहीत नव्हतं.

मी नाव विचारलं नाही. गरज नव्हती. हातातली गवार मी मोडत राहिले.

ती सांगत होती. कोर्टात एक बाई आल्या होत्या, कॉलेजातल्या, खूप शिकलेल्या. त्या म्हणाल्या, जबाबाचा अर्थ दोघांनी मारलं असाच होतो. तिथंच आमचं संपलं, मंदा म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं, कणीक जरा सैल झाली म्हणावं तसं म्हणाली.

मी विचारलं. का विचारलं? सांगता येत नाही. बहुधा मला हवी होती एकदाची शिवी. म्हटलं, राग येत असेल ना त्या बाईचा?

मंदाने तव्यावरची पोळी उलटली.

“त्यांचा कशाला राग येईल वो आज्जी? त्यांना कुठलं म्हाईत आमच्याकडं कसं बोलत्यात ते. म्हाईत असतं तर त्या तशा बोलल्या असत्या व्हय?”

मी “खरं आहे” म्हणाले. तिने पोळ्यांना तूप लावलं, डबा भरला, ओटा पुसला आणि उद्या जरा उशीर होईल म्हणून सांगून गेली. ती आजही येते. तिला अजून वाटतं, त्या बाईंना माहीत नव्हतं.

मला माहीत होतं.